घरगुती सर्व्हर : दोष यंत्रात की प्रणालीत ?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा विनामूल्य आधार थांबविला, आणि शहरांतील पुष्कळ घरांत एक चांगला चालता संगणक एका दिवसात निरुपयोगी ठरल्यासारखा झाला. पुढील प्रणाली विंडोज ११. ती जुन्या प्रोसेसरांस आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेल्या यंत्रांस अधिकृतपणे लागू होत नाही. वस्तुतः अशा यंत्रात बिघडलेले काहीच नसते. ते भंगारवाल्याच्या काट्यावर चढविण्यापूर्वी त्याचा एक उत्तम उपयोग करिता येतो. त्यावर लिनक्स प्रणाली बसवून त्याचा घरगुती सर्व्हर करावा. सर्व्हर म्हणजे दुसरे काही नव्हे, जुन्या वाड्यातील कोठीची खोलीच होय. घरातील छायाचित्रे, दस्तऐवज, गाणी त्या एका ठिकाणी राहतात आणि घरातल्या प्रत्येकाचा फोन वा संगणक जरूर पडेल तेव्हा तेथून हवे ते मागून घेतो.

हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स जगापुढे मांडली. १९९३ मध्ये इयान मरडॉक यांनी तिच्या आधारे डेबियन या संचाचा आरंभ केला. डेबियनची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली असून ती कोणासही फुकट उतरवून घेता येते. या विवेचनात दृष्टान्तादाखल तीच धरली आहे. मात्र ३२ बिटांच्या अतिजुन्या संगणकांवर ही आवृत्ती बसविता येत नाही, एवढे आधी पाहून घ्यावे.

काम सुरळीत चालले तर तासाभरात उरकते. ते अडले म्हणजे मात्र मंडळी एकदम प्रणालीवर ठपका ठेवतात. मग दुसरा पेनड्राइव्ह, दुसरा संच, तिसरा संच असा क्रम सुरू होतो आणि शेवटी कोणता तरी एक प्रयत्न कसाबसा तडीस जातो. हा कसाबसा मिळालेला विजयच धोक्याचा होय. ज्या दोषामुळे आधीचे तीन प्रयत्न फसले, तो दोष कोठे गेलेला नसतो. तो त्या पेटीतच दबा धरून बसलेला असतो, आणि त्याच पेटीच्या हवाली घरातील वीस वर्षांचा ठेवा करावयाचा असतो. प्रणाली बसविताना आलेली अडचण ही यंत्राने आपण होऊन दिलेली साक्ष असते. त्या वेळी पेटी रिकामी असते. गेली तर एक संध्याकाळ जाते. म्हणून ती साक्ष नीट ऐकून घेणे, हेच या कामातील खरे कौशल्य आहे.

पुण्यातील एका कुटुंबाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. यंत्र २०१४ सालचे. त्यात चार-चार जीबीच्या रॅमच्या दोन पट्ट्या आणि एक टीबीची हार्ड डिस्क होती. त्या डिस्कवर मुलीच्या बारशापासून तिच्या पदवीदान समारंभापर्यंतची सर्व छायाचित्रे होती आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. घरच्या गृहस्थांनी प्रणालीसाठी एक लहान एसएसडी आणली, पेनड्राइव्ह तयार केला आणि ते बसणार इतक्यात त्यांच्या पुतणीने त्यांस थांबविले. "काका, आधी फोटोंची डिस्क सोडवून ठेवू या." काकांना ते अनाठायी वाटले. "अगं, मी ती निवडणारच नाही, मग भीती कसली?" परंतु पुतणीचे म्हणणेच रास्त होते. बसविणारा कार्यक्रम डिस्कांची नावे 'एसडीए', 'एसडीबी' अशी दाखवितो, आणि कोणती डिस्क प्रथम ओळखली गेली त्याप्रमाणे ही अक्षरे दर खेपेस बदलू शकतात. काल जी 'एसडीबी' होती ती आज 'एसडीए' असू शकते. एका चुकीच्या होकाराने डिस्क पुसली जाते. दोन केबली उपटून ठेविल्या की हा प्रश्नच उरत नाही. यंत्राची वीज पूर्ण बंद करून, भिंतीवरील बटणासह, त्यांनी तसे केले.

पहिली पायरी म्हणजे पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू होणे. येथे अडल्यास दोष बहुधा क्षुल्लक असतो. उतरविलेली प्रतिमा अपुरी असेल, तर तिचा 'एसएचए-२५६' हा चौसष्ट अक्षरांचा ठसा डेबियनने दिलेल्या ठशाशी जुळत नाही. तो जुळविण्यास एक मिनिट लागते आणि त्यावाचून पुढे जाणे म्हणजे पत्ता न पाहता पत्र टाकणे होय. दुसरे असे की, सुरुवातीच्या यादीत एकच पेनड्राइव्ह पुष्कळदा दोनदा दिसतो, एकदा साधा आणि एकदा 'यूईएफआय' या शब्दासह. त्यांपैकी यूईएफआयचा पर्याय घ्यावा आणि शेवटपर्यंत तोच पाळावा. दोहोंची सरमिसळ झाली की सर्व काही बसूनही यंत्र पुढे सुरू होत नाही. 'सिक्युअर बूट' बंद केलेच पाहिजे असा जो समज आहे तो डेबियनपुरता जुना झाला; २०१९ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून डेबियन त्यासह चालते.

दुसरी पायरी पडद्याची. यादी दिसते, परंतु पुढे पडदा काळाठिक्कर पडतो, असे विशेषतः एन्व्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्रांत घडते. येथे यंत्र मेलेले नसते, केवळ त्याचे चित्र हरवलेले असते. यादीत 'ई' हे अक्षर दाबावे, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या अखेरीस 'नोमोडसेट' हा शब्द जोडावा आणि एफ१० दाबावे. त्याच ओळीत 'क्वाएट' असा शब्द असतो. तो खोडून टाकावा. तो खोडला की लिनक्सचा गाभा आपण काय काय करीत आहो ते ओळीमागून ओळ सांगू लागतो. नवख्या माणसास ती अक्षरांची धार पाहून धडकी भरते. पण ज्या प्रणाली केवळ एक सुंदर चिन्ह दाखवून गप्प बसतात, त्यांच्यापेक्षा ही बडबडी प्रणाली दोष शोधणाऱ्यास कितीतरी अधिक उपयोगी आहे. शेवटची ओळ जेथे थांबली, तेथेच शोध सुरू करावयाचा.

यानंतर डिस्कच न दिसण्याचा प्रकार. मदरबोर्डाच्या मांडणीत साठवणीची पद्धत 'रेड' किंवा 'आरएसटी' अशी ठेविलेली असली तर कित्येक यंत्रांत लिनक्सला डिस्क दिसत नाही. ती 'एएचसीआय' करावी लागते. परंतु त्याच यंत्रावर जुनी विंडोज ठेवावयाची असेल, तर हा बदल केल्यावर ती सुरू होईनाशी होण्याचा संभव आहे. दुसरे एक कारण त्याहून चमत्कारिक आहे. नव्या धर्तीच्या पुष्कळ मदरबोर्डांवर एम.२ च्या खाचेत एसएसडी बसविली की साटाची एखाद-दुसरी जोडणी आपोआप बंद होते. डिस्क चांगली, केबल चांगली, तरीही यंत्र म्हणते डिस्क नाही ! याचा खुलासा मदरबोर्डाच्या पुस्तिकेत एखाद्या बारीक टिपेत दिलेला असतो. तसा संशय आल्यास केबल दुसऱ्या जोडणीत लावून पाहणे हाच उपाय.

पुण्याच्या त्या घरी वरीलपैकी काहीच आडवे आले नाही. काम मध्यावर आले आणि मूळ भाग डिस्कवर उतरत असता तांबड्या पडद्यावर सूचना आली की, एक पॅकेज खराब निघाले. काकांनी पुन्हा आरंभ केला. या खेपेस तेच पॅकेज बिनबोभाट गेले आणि पुढचे एक अडले. तिसऱ्या खेपेस काम जवळजवळ संपत आले असता यंत्र गोठले. काकांचा निष्कर्ष ठरून गेला : "ही फुकटची प्रणालीच सदोष आहे." पुतणीने मात्र तिन्ही खेपा कागदावर लिहून काढल्या, आणि त्या कागदावरच उत्तर होते. प्रतिमा अथवा पेनड्राइव्ह सदोष असता, तर काम बहुधा दर खेपेस एकाच जागी अडले असते. येथे अडण्याची जागा बदलत होती. जागा बदलणारा दोष दिसला की पहिला संशय रॅमवर घ्यावा. नंतर तापणाऱ्या प्रोसेसरावर, आणि त्याही नंतर एसएमपीएसवर.

रॅम हा यंत्राचा हात होय. डिस्कवरून काही वाचले, जाळ्यातून काही आले, तरी ते प्रथम या हातात येते आणि मग पुढे जाते. हाताचे एक बोट अधूनमधून सुटत असेल, तर वस्तू चांगली असून पडते, आणि ती नेमकी कोणती पडेल ते सांगता येत नाही. घरगुती संगणकांच्या सामान्य रॅममध्ये आपली चूक आपण पकडण्याची सोय नसते; ती मोठ्या सर्व्हरांच्या ईसीसी जातीच्या रॅममध्ये असते. म्हणून चुकीचे अक्षर बरोबर समजून डिस्कवर लिहिले जाते आणि कोणासही पत्ता लागत नाही. प्रणाली बसविताना तो लागतो, याचे कारण एवढेच की डेबियनच्या प्रत्येक पॅकेजास त्याचा ठसा जोडलेला असतो आणि तो पडताळूनच पॅकेज स्वीकारले जाते. घरातील छायाचित्रांस असा ठसा कोणी जोडलेला नसतो.

रॅम तपासण्यासाठी 'मेमटेस्ट८६+' नावाचा विनामूल्य कार्यक्रम आहे. २०२२ पासूनच्या आवृत्त्या यूईएफआयवरही चालतात. तो वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन यंत्र त्यावरून सुरू करावे आणि रात्रभर चालू द्यावे. दोष सापडला तर तो तांबड्या ओळीत दिसतो. येथे 'थोडासा दोष' असे काही नसते. एक चूकही पुरेशी आहे. मात्र मांडणीत रॅमचा वेग 'एक्सएमपी' नावाने वाढविलेला असल्यास तो आधी मूळ स्थितीवर आणावा, कारण कित्येकदा पट्टी निर्दोष असून केवळ हा ताण तिला सोसत नाही. आपल्याकडील पावसाळी हवेत, त्यातून कोकणात, पट्टीच्या सोनेरी टोकांवर पुटे चढतात. दुरुस्तीवाले ती टोके साध्या खोडरबराने हलके घासून स्वच्छ करितात. उपाय घरगुती खरा, पण पुष्कळ वेळा लागू पडतो. फक्त रबराचा चुरा खाचेत जाऊ देऊ नये.

त्या घरी सकाळी पडद्यावर तांबड्या ओळी होत्या. टोके घासूनही त्या हटल्या नाहीत. मग पुतणीने एक पट्टी काढून ठेविली आणि दुसरी एकटी तपासली, नंतर तीच दुसऱ्या खाचेत घालून तपासली, आणि हाच क्रम पहिल्या पट्टीबाबतही केला. एक पट्टी दोन्ही खाचांत निर्दोष ठरली. दुसरी दोन्ही खाचांत चुकली. अर्थात् मदरबोर्ड सुटला आणि पट्टी दोषी ठरली. एका वेळी एकच वस्तू बदलण्याचा हा क्रम कंटाळवाणा आहे, पण दोन वस्तू एकदम बदलल्या आणि यंत्र सुधारले, तर कशाने सुधारले ते कधीच कळत नाही. राहिलेल्या चार जीबीवर डेबियन पहिल्याच खेपेस बसले. पडद्यावाचून चालणाऱ्या घरगुती सर्व्हरास तेवढी रॅम पुरतेही.

तेव्हा काकांना एक जुनी गोष्ट आठवली. मागील दोन वर्षांत काही छायाचित्रे उघडली असता खालचा अर्धा भाग राखाडी दिसे. घरात सर्वांनी फोनला दोष दिला होता. तो दोष या पट्टीचाच होता असे आता सिद्ध करिता येणार नाही. परंतु रॅममधून जाताना एखादे अक्षर बदलले तर छायाचित्राची हीच अवस्था होऊ शकते, आणि बिघडलेली ती चित्रे पुन्हा सांधता येत नाहीत. प्रणाली चौथ्या खेपेस नशिबाने बसून गेली असती, तर राहिलेली चित्रेही याच वाटेने नव्या घरी गेली असती.

जाळ्याचा प्रश्न थोडक्यात आटोपतो. वायफायच्या पुष्कळ चिपांस सुरू होताना दर खेपेस फर्मवेअर नावाचा एक छोटा कार्यक्रम भरवावा लागतो. तो पूर्वी डेबियनच्या अधिकृत प्रतिमेत नसे आणि त्यापायी लोक फार कष्टी होत. २०२२ मध्ये सभासदांनी मतदानाने निर्णय घेतला आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून तो प्रतिमेतच येऊ लागला. तरीही सर्व्हरास राउटरपर्यंत केबलच ओढावी. जाळे चालू असून पॅकेजे नाकारली जात असतील आणि 'ही यादी अद्याप ग्राह्य नाही' अशा अर्थाची तक्रार येत असेल, तर भिंतीवरचे घड्याळ पाहावे आणि मग यंत्राचे. मदरबोर्डावरील सीआर२०३२ ही बटणाएवढी बॅटरी संपली की यंत्र कित्येक वर्षे मागे जाते आणि आजची यादी त्याला भविष्यातील वाटते. इतक्या स्वस्त वस्तूपायी इतका मनस्ताप क्वचितच होत असेल.

यंत्रात मागाहून एखादे कार्ड घातले की जाळ्याच्या जोडणीचे नाव बदलण्याचा संभव असतो. काल 'ईएनपी२एस०' होते ते आज 'ईएनपी३एस०' होते, आणि जुन्या नावाने लिहून ठेविलेली मांडणी लागू पडत नाही. सर्व्हरास पडदा नसल्यामुळे तो मेला असेच वाटते. पडदा व कीबोर्ड तात्पुरते जोडावे आणि 'आयपी लिंक' ही आज्ञा देऊन नवे नाव पाहावे.

आता फोटोंची डिस्क परत जोडण्याची वेळ आली. प्रथम तिच्यावरील सर्व मजकुराची एक प्रत नव्या बाह्य डिस्कवर घ्यावयाची असे ठरले, आणि ते योग्यच होते. प्रत होऊ लागली. पण थोड्याच वेळात वेग अगदी मंदावला आणि 'डीमेसेज' या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींत चुकांच्या ओळी येऊ लागल्या. काका घाबरले. एकुलती एक प्रत, आणि डिस्क मरणपंथास लागलेली !

तथापि ओळींचा अर्थ वेगळा होता. तेथे 'बॅडसीआरसी' हा शब्द होता, आणि लिनक्सने जोडणीचा वेग सहा गिगाबिटांवरून तीनवर उतरविल्याची नोंद होती. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेविते. 'स्मार्ट' नावाने ओळखली जाणारी ही नोंद 'स्मार्टसीटीएल' या आज्ञेने वाचता येते. तीत तीन आकडे विशेष पाहावयाचे. पाचव्या क्रमांकाची नोंद म्हणजे डिस्कने निकामी ठरवून बदललेल्या जागा. १९७ क्रमांकाची म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णय लांबणीवर पडलेल्या जागा. हे दोन आकडे वाढत असतील तर डिस्क खरोखरच आजारी आहे. मग इतर सर्व प्रयोग सोडून प्रथम जे निघेल ते काढून घ्यावे. परंतु १९९ क्रमांकाची नोंद डिस्कच्या आतील नाही. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधील वाटेत अक्षरे बिघडली, तर ती वाढते. या डिस्कवर पहिले दोन आकडे शून्य होते आणि १९९ चा आकडा चढत होता. दोषी होती ती डिस्क नव्हे, तर अकरा वर्षांची, कॅबिनेटच्या कडेला मुडपून बसविलेली साटाची केबल.

यंत्र बंद करून नवी केबल बसविली. १९९ चा जुना आकडा कधी उतरत नाही, म्हणून तो शून्य झाला नाही याची खंत करू नये. तो पुढे वाढत नाही एवढेच पाहावे. तो वाढला नाही. प्रत पूर्ण झाली. नंतर मूळ आणि प्रत या दोहोंतील प्रत्येक चित्राचे ठसे काढून ते एकमेकांशी ताडून पाहिले. या कामात सर्व रात्र गेली. सकाळी एकही तफावत निघाली नाही, तेव्हाच डिस्क सर्व्हरात कायमची जोडण्यात आली, आणि तीही 'एसडीबी' या चंचल नावाने नव्हे, तर तिच्या न बदलणाऱ्या यूयूआयडीने. त्या ओळीत 'नोफेल' हा शब्दही घातला, म्हणजे पुढेमागे ही डिस्क दिसेनाशी झाली तरी सर्व्हर अर्ध्यावर न थांबता सुरू होईल आणि दुसऱ्या खोलीतून त्याची विचारपूस करिता येईल.

सदोष पट्टी व जुनी केबल खणात ठेवावी, कधी तरी कामास येईल, असे काकांचे मत होते. पुतणीने केबल कात्रीने दोन ठिकाणी तोडली आणि पट्टीवर तांबड्या शाईने फुली मारली.

उरले होते ते विजेचे. मदरबोर्डाच्या मांडणीत वीज परत आल्यावर यंत्राने काय करावे हे ठरविता येते; मूळ स्थितीत ते बहुधा बंदच राहते. तेथे 'चालू व्हावे' असे करावे. काही जुनी यंत्रे कीबोर्ड नसला तर चूक म्हणून जागीच थांबतात; ती अटही काढावी. रविवारी दुपारी, सर्व फाइली बंद करून आणि काही लिहिले जात नाही असे पाहून, सर्व्हरची वीज बटणावरून तोडण्यात आली. पाच मिनिटांनी ती परत दिली. कोणी हात न लावता पंखा फिरू लागला, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरातल्या फोनवर मुलीच्या बारशाचे चित्र उघडले.